लिओ फेंडर : गिटार न वाजवणारा गिटारवाला

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे येतात. शाहू महाराज, सावित्रीबाई, कर्मवीर भाऊराव, कधी एखादा शास्त्रज्ञ, कधी एखादा साहित्यिक. ती मी आवडीने वाचतो. या वेळी मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे त्याने कोणता लढा दिला नाही, ग्रंथ लिहिला नाही, की सभा गाजवल्या नाहीत. तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याचे नाव लिओ फेंडर. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९०९ साली तो जन्मला आणि तिथेच १९९१ साली वारला. जगात जिथे जिथे इलेक्ट्रिक गिटार वाजते तिथे बहुधा या माणसाच्या हातची काही ना काही युक्ती त्या वाद्यात असतेच. आश्चर्य असे, की त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरचे आहे. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात. जळकी तार तोडून काढायची, वेढे मोजून नवी तांब्याची तार भरायची, वॉर्निश द्यायचे, असे ते काम. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. गावातले लोक विचारतात, बी. ए. होऊन शेवटी तारच गुंडाळणार ना? आणि इथे आल्यावर बोटांवरचे वॉर्निशचे डाग कोणाला दिसू नयेत असे कधी कधी वाटते. अशा मनःस्थितीत लिओ फेंडरची हकिकत माझ्या वाचनात आली आणि मनात घर करून राहिली. ती मित्रांना सांगावी म्हणून हा लेख.

लिओचे पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. म्हणजे घर शेतकऱ्याचे. आठव्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि तो डोळा काढून टाकावा लागला. त्या जागी काचेचा डोळा बसवला. पुढे आयुष्यभर जे सूक्ष्म जोडकाम त्याने केले, ते एका डोळ्याने केले.

तेरा वर्षांचा असताना, १९२२ साली, त्याच्या मामाने त्याला एक खोके पाठवले. मामाचे मोटारगाड्यांच्या विजेच्या कामाचे दुकान होते. खोक्यात टाकाऊ सुटे भाग आणि एक बॅटरी होती. दुसऱ्या वर्षी तो मामाच्या गावी, सांता मारियाला गेला. तिथे मामाने सुट्या भागांतून स्वतः जोडलेला एक रेडिओ दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला होता. त्यातून येणारे मोठ्या आवाजातले संगीत ऐकून मुलगा थक्क झाला. तो आवाज त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही. घरी परत आल्यावर त्याने रेडिओ उघडायला आणि जोडायला सुरुवात केली, आणि शाळेत असतानाच घरातल्या घरात तो दुरुस्तीची कामे घेऊ लागला. संगीत म्हणाल तर लहानपणी थोडे पियानोचे धडे आणि मग सॅक्सोफोन, एवढेच. गिटारच्या वाटेला तो वादक म्हणून गेलाच नाही.

१९२८ साली फुलर्टनच्या हायस्कुलातून तो उत्तीर्ण झाला आणि तिथल्याच ज्युनियर कॉलेजात गेला. विषय कोणता घेतला? हिशेबनीसाचा! विजेचे किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण त्याने कोणत्याही संस्थेत घेतले नाही. ते सगळे तो पुस्तके वाचून आणि वस्तू उघडून शिकला. कॉलेजनंतर त्याने एका बर्फाच्या कंपनीत माल पोहोचवण्याचे काम धरले आणि पुढे तिथेच तो जमाखर्च लिहू लागला. याच सुमारास एका वाद्यवृंदाच्या चालकाने नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी त्याच्याकडून सहा लाऊडस्पीकर संच बनवून घेतले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की हिच्याशी त्याचे लग्न झाले. मग राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबनीसाची नोकरी लागली. परंतु तो काळ महामंदीचा होता. ती नोकरी गेली. त्यानंतर टायरच्या एका कंपनीत तसलीच नोकरी मिळाली, ती सहा महिन्यांत गेली. अखेर १९३८ साली सहाशे डॉलर कर्ज काढून तो फुलर्टनला परतला आणि त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. पाटीवर नाव होते फेंडर रेडिओ सर्व्हिस.

इथे मी वाचताना थांबलो होतो. शिकून नोकरीला लागलेला मुलगा पुन्हा पाना-पकड घेऊन बसतो, याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. पण लिओच्या आयुष्याचे खरे दार त्या दुकानातच उघडले.

दुकानात रेडिओबरोबर वादकांचे ॲम्प्लिफायर आणि गिटारीही दुरुस्तीला येऊ लागल्या. त्या काळी तिकडे मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाईयन पद्धतीची स्टील गिटार फार चालत असे. दुरुस्ती करता करता लिओला एक गोष्ट कळत गेली. वस्तू कुठे मोडते, कोणता डाग सुटतो, कोणता स्विच आधी झिजतो, याची माहिती बनवणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याला अधिक असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉक कॉफमन नावाच्या वादक-संशोधकाशी त्याची गाठ पडली. काचेच्या डोळ्यामुळे लिओला सैन्यात घेतले गेले नव्हते. दोघांनी मिळून स्टील गिटार आणि तिच्या जोडीचा ॲम्प्लिफायर बनवायला घेतला. १९४५ साली माल बाजारात आला. धंदा वाढवायला पैसा लागणार, कर्ज होणार, या भीतीने कॉफमन १९४६ साली बाहेर पडला. लिओने एकट्याच्या नावाने कारखाना काढला.

आता इलेक्ट्रिक गिटारचा आवाज येतो कसा, ते सांगितले पाहिजे. त्याशिवाय लिओने काय केले हे कळणार नाही. १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज उत्पन्न होते. कोयनेचे जनित्र याच नियमावर चालते आणि गिटारचा पिकअपही. पिकअप म्हणजे सहा लहान चुंबकी दांड्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. लिओच्या पिकअपला अशा बेचाळीस गेज तारेचे सुमारे आठ हजार वेढे असत. आमच्या दुकानातली तार त्यापुढे सुतळीसारखी जाड वाटावी. पिकअपच्या वर वाद्याची पोलादी तार कंप पावते. चुंबकाच्या सान्निध्याने तीही थोडी चुंबकीय झालेली असते. ती हलली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्याच कंपनाची वीज वेटोळ्यात उमटते. ती फार क्षीण असते. ॲम्प्लिफायर तिला मोठे करतो.

दुसरी गोष्ट जागेची. तंबोऱ्याची किंवा सतारीची तार घोडीजवळ छेडली तर आवाज टोकदार येतो, घोडीपासून दूर छेडली तर गोल येतो, हे संगीत शिकणाऱ्यांना ठाऊक आहे. पिकअपचेही तसेच आहे. घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण आवाज पकडतो, दांडीजवळचा पिकअप भरदार. तेव्हा एका गिटारवर दोन-तीन पिकअप बसवले आणि त्यांतला कोणता चालू ठेवायचा हे ठरवणारा स्विच दिला, की एका वाद्यात अनेक आवाज मिळतात. त्याला कंडेन्सरची जोड दिली, की आवाजाचा टोकदार भाग अर्थिंगमध्ये निघून जातो आणि जाडसर भाग उरतो. वाद्याच्या पोटातली ही वायरिंग म्हणजे जणू त्याचा दुसरा गळाच.

जुन्या पोकळ गिटारवर पिकअप बसवला तर एक अडचण येई. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला की पोकळ लाकूड स्वतःच कंप पावू लागे आणि मांडवातला माईक कर्ण्यासमोर आला की जशी शिट्टी वाजते तशी शिट्टी वाजे. म्हणून लिओने भरीव फळीची गिटार करायचे ठरवले. ही कल्पना एकट्या त्याची नव्हे. पॉल बिग्सबी, लेस पॉल अशा इतरांनीही भरीव गिटारी करून पाहिल्या होत्या. पण साध्या माणसाला परवडेल अशी, कारखान्यात शेकड्यांनी बनणारी भरीव गिटार प्रथम यशस्वी करून दाखवली ती लिओने. १९५० साली तिची एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर ही दोन रूपे आली. ब्रॉडकास्टरशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांना आधीपासून असल्याने १९५१ साली ते बदलून टेलिकास्टर केले. आजही ही गिटार बनते आणि विकली जाते.

टेलिकास्टरमध्ये दुरुस्ती करणाऱ्याचे डोके स्पष्ट दिसते. जुन्या गिटारींची दांडी सरसाने चिकटवलेली असे. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. दांडी खराब झाली, स्क्रू काढा, दुसरी लावा. स्विच आणि दोन्ही कळा एका धातूच्या पट्टीवर बसवल्या. दोन स्क्रू काढले की सगळी वायरिंग हातात येते. जुन्या घरंदाज कारखानदारांनी या फळीची थट्टा केली. वादकांनी ती विकत घेतली.

स्विचची गंमत मात्र पाहण्यासारखी आहे. एस्क्वायरला पिकअप एकच होता, तरी तीन जागांचा स्विच होता! एका जागी पिकअपचा आवाज टोनची कळ वगळून थेट बाहेर येई, दुसऱ्या जागी टोनच्या कळीमार्गे, तिसऱ्या जागी कंडेन्सर लागून दाट, खर्जाकडे झुकणारा. म्हणजे जोडणी बदलून एकाच वेटोळ्यातून तीन आवाज. दोन पिकअपच्या पहिल्या टेलिकास्टरमध्ये एका जागी घोडीजवळचा पिकअप आणि त्यात हवा तेवढा दांडीजवळचा मिसळता येई. दुसऱ्या जागी नुसता दांडीजवळचा. तिसऱ्या जागी तोच, पण कंडेन्सर लावून. १९५२ साली लिओने मिसळण्याची कळ काढून तिथे टोनची कळ दिली. त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम वाजवण्याची सोयच उरली नाही. ती सोय कारखान्याने परत दिली १९६७ साली. मधली पंधरा वर्षे ज्यांना तो आवाज हवा होता त्यांनी काय केले? अनेकांनी पट्टी उघडली, सोल्डरिंगची कांडी तापवली आणि जोडणी स्वतः बदलून घेतली. लिओने पट्टी उघडण्याजोगी ठेवली होती म्हणून हे शक्य झाले.

लिओची काम करण्याची रीतही वेगळी होती. स्वतःला वाजवता येत नसल्याने तो वादकांवर अवलंबून राही. नवे वाद्य तयार झाले की ते नाचगाण्याच्या ठिकाणी वाजवायला द्यायचे आणि मग त्यांची तक्रार ऐकायची. बिल कार्सन नावाच्या वादकाची तक्रार होती की फळीचे कोपरे बरगड्यांत रुततात. दुसऱ्यांनीही तेच सांगितले. तेव्हा पुढच्या गिटारचे लाकूड पोटाशी आणि हाताशी घासून गोलसर केले गेले. फ्रेडी टावारेस हा वादक तर कारखान्यातच कामाला होता. १९५१ साली पडदे असलेली इलेक्ट्रिक बास गिटार, प्रिसिजन बास, आली. तोवर बास वाजवणाऱ्याला माणसाएवढे उंच वाद्य गाडीवर बांधून न्यावे लागे. पुढे डिक डेल नावाचा वादक इतक्या जोराने वाजवी, की ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जळून जात. लिओने रागावण्याऐवजी अधिक ताकदीचा ॲम्प्लिफायर बांधला. वडिलांच्या दुकानात मी पाहतो, मोटर पुन्हा जळून आली की गिऱ्हाईक कशी वापरतो याचीच चर्चा होते. लिओने वस्तू कशी बांधली होती याकडे आधी पाहिले, हे मला शिकण्यासारखे वाटते.

१९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. इलेक्ट्रिक गिटार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो दोन शिंगांचा आकार येतो तो हिचा. हिला तीन पिकअप होते. आवाजाची एक कळ आणि टोनच्या दोन कळा. त्यांतली एक दांडीजवळच्या पिकअपसाठी, दुसरी मधल्यासाठी. घोडीजवळच्याला टोनची कळ नव्हतीच. स्विचला जागा तीन, म्हणजे एका वेळी एकच पिकअप वाजणार, अशी लिओची योजना होती.

परंतु वादकांच्या हाताने वेगळेच शोधून काढले. स्विचची दांडी दोन जागांच्या बरोबर मध्ये अडकवून धरली, तर आतली पत्री दोन्ही बाजूंना टेकते आणि दोन पिकअप एकदम चालू होतात. त्यातून येणारा आवाज काही निराळाच होता. थोडा नाकातला, थोडा काचेवर टिचकी मारल्यासारखा. दोन पिकअप तारेच्या दोन ठिकाणांवरून ऐकत असतात. त्यांचे आवाज मिसळताना काही उपस्वर बळावतात आणि काही एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून तो तसा येतो. पुष्कळ जण समजतात की तिथे दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात. ते खरे नाही. ती सरळच, आणि समांतर जोडणीत असतात. वेटोळ्याची सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल करून दुसऱ्याशी जोडले, तर आवाज अगदीच पातळ होतो. मोटरमध्ये एक कॉइल उलट जोडली गेली तर ती घुमत बसते, नीट फिरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

हा मधला आवाज वर्षानुवर्षे वादक चोरून घ्यावा तसा घेत राहिले. स्विच तिथे टिकत नसे, घसरून एका बाजूला जाई. अखेर १९७७ साली कंपनीने पाच जागांचा स्विच बसवला आणि त्या मधल्या दोन जागांना हक्काचे ठिकाण मिळाले. दुसऱ्याच वर्षी डायर स्ट्रेट्स या वाद्यवृंदाच्या मार्क नॉफ्लरने तो आवाज जगभर पोहोचवला. वाद्य बनवणाऱ्याने जी जागा आखलीच नव्हती, तीच पुढे त्या वाद्याची ओळख झाली.

आपली वायरिंग आपल्या मनाप्रमाणे करून घेण्याची ही चाल पुढे फार फोफावली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमूरने आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरला एक लहानसा जादा स्विच बसवून घेतला, त्यामुळे दांडीजवळचा पिकअप हवा तेव्हा इतरांच्या जोडीला घेता येई. इंग्लंडमध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलाला फेंडरसारखी गिटार परवडत नव्हती. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून दोन वर्षे खपून घरीच एक गिटार तयार केली. तिच्यातल्या तिन्ही पिकअपना प्रत्येकी दोन स्विच आहेत. एक चालू-बंद करण्यासाठी आणि एक वेटोळ्याची टोके उलटी करण्यासाठी. पिकअप एकसर जोडणीत आहेत. हा मुलगा पुढे क्वीन या वाद्यवृंदात आला आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला! पाचगणीत शिकलेल्या आवाजाला घरी बांधलेल्या त्या गिटारची साथ मिळाली.

खुद्द लिओचा प्रत्येक प्रयोग साधला असे नाही. १९५८ साली त्याने जॅझ वाजवणाऱ्यांसाठी जॅझमास्टर काढली. तिच्यात दोन स्वतंत्र मार्गांची वायरिंग होती. वरच्या बाजूचा एक स्विच सरकवला की आधी जुळवून ठेवलेला मऊ आवाज यायचा. जॅझवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, समुद्रकिनाऱ्यावरच्या तरुण पोरांच्या वाद्यवृंदांनी ती उचलली. १९६२ च्या जॅग्वारमध्ये तर स्विचांची रांगच होती. प्रत्येक पिकअपला वेगळा, शिवाय खर्ज कापून टाकणारा आणखी एक. वाजवता वाजवता एवढे स्विच सांभाळायचे कोणी? दुरुस्ती करणाऱ्याला जे सोपे वाटते ते वाजवणाऱ्याला सोपे असतेच असे नाही. मात्र बासच्या बाबतीत त्याने एक सुंदर युक्ती केली. एकाच वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची घूंघूं पकडतो. १९५७ साली प्रिसिजन बासच्या पिकअपचे त्याने दोन तुकडे केले, दोन-दोन तारांना एकेक. दोन्हींचे चुंबक आणि वेढे एकमेकांच्या उलट ठेवले. बाहेरची घूंघूं दोघांत उलटसुलट येऊन नाहीशी होते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो.

पन्नाशीच्या आसपास लिओच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. घशा-नाकाच्या पोकळीतला एक चिवट संसर्ग त्याला वर्षानुवर्षे छळत होता. आपण फार जगणार नाही असे त्याच्या मनाने घेतले. कारखाना वाढला होता, व्याप झेपत नव्हता. जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सी.बी.एस. या बड्या नभोवाणी-दूरचित्रवाणी कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्यानंतर काही वर्षांनी एका डॉक्टरच्या औषधाने तो खडखडीत बरा झाला! पण कंपनी गेली होती आणि तिच्याबरोबर नावही. वाद्यांवर फेंडर ही अक्षरे छापली जात राहिली. ती छापण्याचा हक्क मात्र फेंडरकडे राहिला नाही. सहाशे डॉलरच्या कर्जाने पाटीवर घातलेले नाव एक कोटीवर डॉलर घेऊन गेले, असा हा व्यवहार. फायद्याचा म्हणावा की तोट्याचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एवढा पैसा मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. हा बसला नाही. करारातली बंदी संपत आल्यावर जुन्या सहकाऱ्यांबरोबर म्युझिक मॅन या कंपनीत त्याने काम धरले. १९७६ साली तिथून बाहेर पडलेल्या स्टिंगरे बासच्या पोटात बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायरच होता. १९७९ साली पत्नी एस्थर वारली. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन या जुन्या साथीदाराबरोबर त्याने जी अँड एल ही कंपनी उभारली. नावात जॉर्जचा जी आणि लिओचा एल. आडनाव विकले गेलेले, म्हणून नुसते आद्याक्षर! या कंपनीच्या एल-२००० या बासला त्याने पिकअप निवडण्याच्या स्विचबरोबर वेटोळी एकसर की समांतर जोडायची यासाठी वेगळा स्विच दिला. एकसर जोडली की आवाज जाड आणि मोठा, समांतर जोडली की मोकळा आणि स्वच्छ. दहावीच्या विज्ञानात आपण बल्ब लावून जो प्रयोग पाठ करतो, तोच हा.

शेवटच्या वर्षांत त्याला कंपवात जडला. ज्या हातांनी केसासारख्या तारेला कथलाचा डाग द्यायचा तेच हात थरथरू लागले. तरी तो रोज कामाला जाई. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, फुलर्टनमध्ये तो वारला. आदल्या दिवशी तो आपल्या टेबलाशी होता. पुढल्या वर्षी रॉक संगीताच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घातले गेले. त्या यादीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचीच गर्दी असते, हे वेगळे सांगायला नको.

या माणसाला मी संत किंवा महात्मा म्हणणार नाही. तो अबोल होता, कामाखेरीज त्याला फारसे काही सुचत नसे. जॅग्वारचे स्विच पाहिले की वाटते, ऐकण्याची सवय त्यालाही कधी कधी सोडून जात असावी. तरी त्याच्या चरित्रातून दोन गोष्टी मी उचलल्या. पहिली अशी, की आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याच्यापाशी जाऊन बसावे आणि त्याचे ऐकावे. गिटार न येणाऱ्या माणसाने जगाला गिटार दिली ती एवढ्याच बळावर. दुसरी गोष्ट स्क्रूची. लिओला वस्तू मोडतात हे ठाऊक होते, आणि वस्तू वापरणारा आपल्यापेक्षा वेगळा विचार करील हेही त्याने नाकारले नाही. म्हणून त्याने वाद्य सरसाने बंद केले नाही. त्याच्या चुका दुसऱ्यांना दुरुस्त करता आल्या, आणि जे त्याला सुचले नव्हते ते त्याच्याच स्विचमध्ये दुसऱ्यांना सापडले.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. कोणाच्या घरी सुतारकाम चालते, कोणाच्या घरी शिलाई, कोणाच्या घरी मांडव आणि लाऊडस्पीकर. पुस्तक की हातकाम, अशी तीन जागांच्या स्विचसारखी निवड आपल्यापुढे ठेवली जाते. एक चालू केले की दुसरे बंद. हिशेबाचा अभ्यास केलेला आणि रेडिओ दुरुस्त करणारा लिओ या दोन्हींत एकाच वेळी उभा होता. मीही येत्या सुट्टीत दुकानात बसणार आहे, आणि परीक्षेचे अर्थशास्त्राचे पुस्तक बरोबर नेणार आहे. पुढे कोणती जागा पक्की होईल ते आज सांगता येत नाही. तोवर दोन्ही चालू ठेवायला काय हरकत आहे?